चुलत सासऱ्यांची हद्द

मुळशी तालुक्यात कुठल्याही दोन शेजाऱ्यांच्या मधे नेमकं काय आहे, हे पक्कं ठाऊक असलेला एकच माणूस मी पाहिला आणि तो माझ्या सासऱ्यांचा चुलतभाऊ निघाला. सरकारदरबारी त्यांना कसलंही पद नव्हतं. ते तलाठी नव्हते, मोजणी खात्यात कधी नव्हते. शाळा चौथीपर्यंत झालेली आणि तीही, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, शाळेचं कुंपण कुणाच्या जागेत आहे यावरून मास्तरांशी मतभेद झाल्यामुळे सुटलेली. पण कासार आंबोलीपासून भुकूमपर्यंत कुणी कुणाचा बांध कोरला, कुणाच्या हद्दीचा दगड एका उन्हाळ्यात दोन हात सरकला, कुणाच्या खाचरातली भाताची एक ओळ दर वर्षी शेजाऱ्याच्या भाताला जाऊन भिडते, असा काही तंटा उभा राहिला की माणसं कचेरीची पायरी चढण्याआधी एकदा त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. घरात आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो आणि गावही तेच म्हणतं.

मी मूळची कर्वेनगरची. लग्नाआधी जमीन म्हणजे माझ्या लेखी फरशी. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा कासार आंबोलीला गेले, तेव्हा बाकीच्यांनी शिक्षण, नोकरी, स्वयंपाक असलं नेहमीचं विचारलं. आबा सगळं ऐकून घेत कोपऱ्यात बसले होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुमच्या घराची आणि शेजाऱ्याच्या घराची मधली भिंत कुणाची? मी आयुष्याची चोवीस वर्षं त्या भिंतीला टेकून अभ्यास केला होता, पण ती कुणाची हे मला सांगता येईना. आबांनी माझ्याकडे अशा काही करुणेनं पाहिलं की घरी गेल्यावर मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, सामाईक असते ती. हे उत्तर मी फोन करून कळवलं. मग आबा म्हणाले, "सामाईक म्हंजी लई जोखमीचं काम. आन् तरी तुमी भांडला न्हाई. घर चांगलं हाय." माझं लग्न माझ्या पदवीमुळे जमलं असं माझे आईवडील समजतात. खरं कारण ती भिंत होती, असा मला दाट संशय आहे.

त्याच लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आबा मांडवातून नाहीसे झाले. सगळीकडे शोधाशोध. शेवटचं 'सावधान' होऊन अक्षता पडल्या आणि मग ते परतले, सोबत एक कपाळाला आठ्या घातलेला गृहस्थ. झालं होतं असं, की मांडवाचा एक दोर ताणून जिथे खुंटी ठोकली होती, ती जागा शेजारच्या वावरात होती. आबांच्या ते अक्षता घेताना लक्षात आलं. आता दुसऱ्याच्या जमिनीत खुंटी ठोकून आपल्या घरचं लग्न कसं लागायचं? ते तसेच अक्षता मुठीत धरून त्या गृहस्थाच्या घरी गेले, त्याची परवानगी मागितली आणि त्याला जेवायलाच घेऊन आले. तो माणूस सहा वर्षं आमच्या घराशी बोलत नव्हता. श्रीखंडाच्या दुसऱ्या वाढीला तो माझ्या सासऱ्यांशी खतांबद्दल बोलायला लागला. आबांच्या मुठीतल्या अक्षता मात्र टाकायच्या राहूनच गेल्या. त्या त्यांनी संध्याकाळी आम्ही दोघं चहा पीत असताना आमच्या डोक्यांवर टाकल्या.

मी पुढे भुकूमच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. नकाशे, प्रमाण, अक्षांश-रेखांश हे माझे रोजचे विषय, त्यामुळे आबांचं प्रकरण मला कुतूहलाचं वाटायचं. रविवारी गावी गेले की मी त्यांच्या मागे मागे हिंडायची. रस्त्यानं चालताना त्यांच्या पायात चपला असत, पण बांध आला की त्या काढून हातात घेत. बांध दोन्हीकडच्यांचा, म्हणजे अर्धा तरी दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याच्या घरात चपला घालून कुणी जातं का, हा त्यांचा सवाल. मोजायला त्यांच्याकडे टेप नव्हती. ते पावलांनी मोजत. एकदा मी शाळेतून टेप आणली आणि त्यांची शंभर पावलं मोजली. पुन्हा चालायला लावलं, पुन्हा मोजली. फरक वीतभरही नव्हता. कसं जमतं हे तुम्हाला, असं विचारलं तर ते जरा अवघडले. म्हणाले, मी कुठं मोजतो, पाय मोजतात, मी आपला त्यांच्या मागनं जातो. हे वाक्य मी सातवीच्या वर्गात सांगितलं आणि पुढचा आठवडाभर मुलं मधल्या सुट्टीत मैदानभर डोळे मिटून चालत होती.

तंटा सोडवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. आधी दोन्हीकडे चहा. पहिल्या घरी अर्धा कप प्यायचा, उरलेला ठेवून द्यायचा, दुसऱ्या घरी अर्धा प्यायचा. पूर्ण कप कुणाकडेच नाही. एका घरी मधुमेहामुळे बिनसाखरेचा चहा असायचा, तेव्हा दुसऱ्या घरीही ते बिनसाखरेचाच मागत. त्यानंतर दोघांना वावरात बोलवायचं आणि मधे उभं राहून एकेकाला सांगायचं की हद्द दाखव. यात नवल काही नाही, ते कुणीही करेल. पण आबा म्हणत, "तुजी नगं. त्याची दाव. त्यो कुठवर म्हनतोय ते दाव." आपली हद्द दाखवायला माणूस घरून तयारी करून आलेला असतो. समोरच्याची दाखवताना त्याची गडबड उडते. आधी तो म्हणतो मला काय माहीत. मग चार पावलं चालतो, थांबतो, मागे येतो, आणि शेवटी जिथे उभा राहतो ती जागा बहुतेक वेळा बरोबर असते, कारण शेजाऱ्याला काय वाटतं हे शेजाऱ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. दोघांनी एकमेकांच्या हद्दी दाखवल्या की मधे जेमतेम हात-दीड हात जागा उरायची. एवढ्यासाठी आपण पोरांना एकमेकांच्या घरी जायला बंदी केली होती, हे दोघांच्याही ध्यानात यायचं आणि ते दुसरीकडे बघायला लागायचे. आबा त्या वेळी खाली वाकून गवत उपटत. लाजणाऱ्या माणसाकडे बघायचं नसतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

एकदा हिंजवडीच्या एका कंपनीतल्या साहेबांनी आमच्या शिवारात शनिवार-रविवारपुरता बंगला बांधायला घेतला. कुंपण घालायच्या वेळी बाजूच्या शेतकऱ्याशी त्यांची जुंपली. साहेबांचा सगळा भरवसा मोबाईलवर. नकाशातला निळा ठिपका बघत ते वावरभर फिरले आणि शेवटी एके ठिकाणी थांबून गोंधळून म्हणाले की मोबाईलच्या मते मी आत्ता यांच्या गोठ्यात उभा आहे. आबा शांतपणे म्हणाले, मग म्हशीला विचारा. आणि मग त्यांनी कुदळ मागवली. जुन्या काळी मोजणीवाले हद्दीचा दगड रोवताना त्याच्याखाली कोळसा आणि खापराचे तुकडे पुरून ठेवत. दगड कुणी हलवला तरी कोळसा कुजत नाही आणि खापर चालत नाही. हातभर खणल्यावर काळा चुरा दिसला. साहेबांनी तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ मोबाईल खिशातच ठेवला. त्यांचं कुंपण चार फूट आत आलं. आजही ते दिवाळीला आबांना भेटायला येतात आणि त्यांच्याकडून बांधांच्या गोष्टी ऐकतात.

ही सगळी पार्श्वभूमी सांगायला हवी होती, कारण पुढे जे घडलं ते आबांच्याच वावरात घडलं.

आबांच्या शेताला लागून एका आजींची चिंचोळी पट्टी होती. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या राखणारं. नवरा आणि मुलगा दोघंही गेलेले, घरात एक नातू, तो जवळच्या चांदे गावात राहणाऱ्या कंपनीच्या लोकांची ने-आण करणारी गाडी चालवायचा. त्याला पट्टीत भाड्यानं द्यायला दोन खोल्या बांधायच्या होत्या. बांधायच्या तर हद्द पक्की पाहिजे, म्हणून त्यानं सरकारी मोजणीचा अर्ज केला आणि लगतचे शेतकरी म्हणून आबांना नोटीस आली. आबांना आयुष्यात पहिल्यांदा अशी नोटीस आलेली. त्यांनी ती मला दोनदा वाचून दाखवायला लावली. मोजणीच्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते सकाळी सातपासून बांधावर जाऊन बसले, घरचं कार्य असल्यासारखे. त्यांच्या बांधावर सागाची नऊ झाडं रांगेत उभी होती. दहा-बारा वर्षांचे असताना वडिलांच्या हाताखाली त्यांनी ती लावली होती.

मोजायला एक तरुण बाई आली. तिच्याकडे तिपाईवर ठेवायचं यंत्र होतं. आबांनी तिला यंत्राबद्दल इतके प्रश्न विचारले की तिनं शेवटी त्यांना त्यातून बघायला दिलं. आबा डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, यात बांध कुठं दिसतोय? बाई हसून म्हणाली, याला बांध दिसत नाही हो आजोबा, याला फक्त बिंदू कळतात, रेघ आपण नंतर काढायची. हे ऐकून आबा काहीसे हलले. बांध न बघता हद्द सांगणारी गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. दुपारपर्यंत काम चाललं आणि बाईनं खुणेचे लोखंडी गज ठोकायला सुरुवात केली. पहिला गज बांधावर येईल असं सगळ्यांना वाटत होतं. तो आबांच्या खाचरात आला. दुसराही खाचरातच. तिसरा ठोकून झाला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ फुटांची पट्टी आजींची होती, आणि सागाची सगळी झाडं तिच्यात होती.

आबांच्या दोन्ही मुलांनी मोजणी चुकली म्हणून आवाज चढवला. फेरमोजणी मागू, वकील लावू, साठ वर्षांची वहिवाट आपली आहे, असं बरंच बोलणं झालं. ज्यांचे ज्यांचे तंटे आबांनी मिटवले होते ती माणसंही जमली आणि त्यांनीही आबांचीच बाजू घेतली. सगळ्यांचं एकच म्हणणं, आबांची हद्द चुकीची कशी असेल? त्या रात्री आबा जेवले नाहीत, असं चुलत सासूबाईंनी मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गेले तर आबा चपला घालत होते. म्हणाले, चल.

आम्ही आजींच्या दारात गेलो. त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. चहा टाकते म्हणाल्या. आबा नको म्हणाले. मग उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "वैनी, तुमच्या मते आपला बांध कुठवर?"

आजींनी हातातला पाला खाली ठेवला. त्यांच्या सांगण्यात राग नव्हता, जुनी गोष्ट सांगावी तसं त्या सांगत गेल्या. लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांनी त्यांना वावर दाखवलं होतं. आता साग आहेत त्याच्याही पलीकडे, तुमच्या खाचरात मोठा धोंडा होता तिथवर आपलं, असं सांगितलं होतं. मग एका वर्षी मेंढरं घेऊन घरची सगळी चार महिने लांब गेली आणि परत आली तर धोंडा नव्हता आणि साग लावलेले होते. सासरे दोन दिवस बोलले आणि मग गप्प बसले. शेळ्या हाकणाऱ्याचं ऐकणार कोण?

आबा म्हणाले, मग एवढ्या वर्षांत तुम्ही मला का नाही सांगितलं? मी तर कुणाचंही ऐकतो.

आजी पदरानं हात पुसत म्हणाल्या, "तुमी समद्यांचं बांध लावून देताय, आबा. तुमचा कुनाकडं लावाया जायाचा?"

तिथून आबा थेट वावरात गेले आणि मधल्या गजापाशी स्वतः कुदळ चालवायला लागले. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस. मी कुदळ मागितली तर दिली नाही. वरची माती चिखलणीनं मऊ झालेली होती, खाली घट्ट मुरूम लागला. हातभर गेल्यावर ते थांबले, खड्ड्याशेजारी बसले आणि हातानं माती बाजूला करू लागले. मला मनातून वाटत होतं की काही निघू नये. आधी खापराचा एक तुकडा निघाला. मग दुसरा. मग काळा, ओला, बोटाला लागणारा कोळसा. आबांनी तो चुरा बोटांमधे चोळला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मग त्यांनीच मला शिकवलेलं आठवून खाली बघून गवत उपटायला लागले.

मग ते बोलले. माझ्याशी बोलत होते असंही नाही. "आमचा बा रातचा लई हिंडायचा. मला वाटायचं, झोप येत न्हाई."

पुढे जे झालं ते गावाला फारसं पटलं नाही. आबांनी फेरमोजणी मागितली नाही. मोजणीच्या नकाशावर सही करून पट्टी सोडून दिली. जुना बांध मोडून आपल्या हातांनी गजांच्या ओळीत नवा घातला. थोरला मुलगा त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही. धाकटा बोलला, पण जे बोलला त्यापेक्षा थोरल्याचं न बोलणं बरं होतं. आजींनी निरोप पाठवला की जमीन आमची असेल, झाडं तुम्ही वाढवलीत, तोडून न्या. आबांनी उलट निरोप धाडला की ज्याची जमीन त्याची झाडं. आजी म्हणाल्या मला काय करायचेत साग, शेळ्यासुद्धा खात नाहीत. हे निरोप न्यायचं काम माझ्याकडे होतं. मी महिनाभर त्या दोन घरांमधून येरझारा घातल्या आणि शेवटी झाडं जिथल्या तिथे राहिली. नातवानं आपल्या खोल्या चार हात मागे सरकवून बांधल्या, म्हणजे एकही तोडावं लागलं नाही.

दुसऱ्यांचे तंटे सोडवणं आबांनी बंद केलं. लोक यायचे, उलट आधीपेक्षा जास्तच यायचे. स्वतःची पट्टी सोडणारा माणूस आपल्याला फसवणार नाही, असा त्यांचा हिशेब. आबा त्यांना चहा पाजायचे आणि त्या मोजणीवाल्या बाईच्या कचेरीचा पत्ता सांगायचे. मला काय कळतंय, माझ्याच घरचा दगड मला दिसला नाही, म्हणायचे. मी त्यांना एकदा म्हटलं की तुमच्या वडिलांनी केलं ते, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. तर त्यांनी विचारलं की त्या खाचरातला भात साठ वर्षं कुणी खाल्ला?

एक नवी सवय मात्र त्यांना लागली. संध्याकाळी ते नव्या बांधापर्यंत जात, चपला काढत आणि पलीकडे पाऊल टाकण्याआधी हाक देत, येऊ का? आजी दारातून या म्हणत. मग ते पलीकडे जात, नऊही झाडांच्या बुंध्यांवरून एकेक हात फिरवत, वाळवी लागली आहे का बघत आणि परत येत. आजी त्यांना बसा म्हणायच्या नाहीत आणि ते बसायचे नाहीत. रोजचा तेवढाच व्यवहार. चुलत सासूबाई म्हणायच्या, इतक्या वर्षांत मला कधी विचारून घरात आला नाही हा माणूस.

गेल्या पावसाळ्यानंतर आजी गेल्या. नातू आता खोल्यांच्या मागच्या बाजूला राहतो आणि बहुतेक संध्याकाळी ड्यूटीवर असतो. खोल्यांमधे बाहेरगावची मुलं भाड्यानं राहतात. हिंदी बोलतात, कानात काहीतरी घालून असतात. आबा तरीही रोज जातात. बांधावर उभे राहून विचारतात, येऊ का? थोडा वेळ थांबतात आणि परत फिरतात. नातू घरी असला तर मात्र तो बाहेर येऊन या म्हणतो, मग त्या दिवशी झाडांना हात लागतो.

परवा रविवारी मी त्यांच्यासोबत होते. नातवाची गाडी नव्हती. खोल्यांची दारं बंद होती. आबांनी चपला काढल्या, विचारलं, थांबले. त्यांना आता नीट दिसत नाही, पण झाडांकडे तोंड करून ते उभे होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, या, आबा.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "हे तुजं हाय का?"

मी नाही म्हटलं.

"मग बोलावतीस कशी?"

आम्ही दोघं अलीकडेच उभे राहिलो. सागाची पानगळ सुरू झाली होती. एक पान, ताटाएवढं, डोलत डोलत खाली आलं आणि बांधाच्या आमच्या बाजूला पडलं. आबा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली वाकले, त्यांनी ते पान देठाला धरून उचललं आणि हात लांब करून पलीकडे ठेवलं.